गळलेलं पान

मुहर्रकच्या गल्लीत, जिथे भिंती प्रवाळाच्या आहेत
आणि एसीचं पाणी टपटपून
प्रवाळाला पुन्हा समुद्राची आठवण देतं,
तिथे वरच्या मजल्यावर माझं टेबल.
टेबलावर रबाब.

म्हणजे रबाबची गोष्ट. चारशे बारा पानं,
उजवीकडून सुरू होणारी,
कसरीने निम्मी जेवलेली.
मरहूनकाका बोट ठेवून वाचतात,
मला अर्धं कळतं, अर्धं त्यांच्या भुवयांवरून.

शपथ होती तिची:
जो मला घोड्यावरून खाली आणेल, त्याचीच मी.
सतरा जण आले, सतरा जण वाळूत लोळले.
त्यांच्या भाल्यांचे तिने तंबूला खांब केले,
आणि तो तंबू, काका म्हणतात, वाऱ्यात कधी हलला नाही.

मग सुवैद आला, वैऱ्याच्या टोळीतला,
मागे नऊशे घोडे.
नऊशेंना त्याने टेकडीपलीकडे थांबवलं,
एकटा पुढे आला.
तीन दिवस झुंज. इथे वीस पानं तलवारीची,
अगदी कोरी करकरीत, कोणी फारशी उलटलेली नाहीत.
पण तिसऱ्या दुपारी
दोघं एकाच विहिरीवर पाणी प्यायला थांबतात,
त्या पानाच्या कडा बोटांच्या तेलाने काळ्या,
मध्येच कॉफीच्या पेल्याचं एक वर्तुळ.
वाचणारा इथे थांबला असणार, ऐकणारे थांबवत असणार.

जुन्या लेखनिकाची एक रीत:
प्रत्येक पानाच्या पायाशी
पुढच्या पानाचा पहिला शब्द लिहून ठेवायचा,
पानांनी एकमेकांचा हात सोडू नये म्हणून.
विहिरीनंतरच्या पानाखाली लिहिलंय: *मग तिने*
आणि पुढचं पान सुरू होतं:
*आणि सात दिवस ढोल वाजत राहिले.*
लग्नाचे की सुतकाचे, ते लिहिलेलं नाही.
मधलं पान नाही.

काका सांगतात, बैठकीतले पुरुष म्हणायचे,
त्याने कमरपट्ट्याला धरून तिला ओढलं.
गच्चीवरच्या बायका म्हणायच्या,
तिने आपल्याच हाताने खोगिराचा तंग सैल केला.
"आणि पानात?"
"पान माझ्या आजीने काढून घेतलं."

मौज़ा तिचं नाव. नवरा मोती काढायला निघाला
त्या उन्हाळ्यात तिने पान लपवलं.
परत या, म्हणाली, मग देते.
चार महिन्यांनी तो आला, कान फुटलेले,
कातडीवर मीठ, आणि दारातच म्हणाला, आण.
तिने दिलं नाही.
पुढची चाळीस वर्षं तो रोज रात्री शेवट रचायचा,
एकदा तिला पाडायचा, एकदा स्वतः पडायचा,
एकदा तर घोड्यांनाच समेट करायला लावला.
ती कैऱ्या चिरता चिरता म्हणायची,
"छे, असं नाहीये ते."

ती गेल्यावर पेटी उघडली.
केशराची पुडी, एक तुटकी बांगडी. पान नाही.
काका हसतात: मसाला बांधला असेल त्यात!

माझे वडील सांगलीत चोपड्या बांधायचे,
खळीत मोरचूद घालायचे. इथे मोरचुदाला मनाई.
इथला नियम आणखी एक:
जे नाही ते नाही म्हणूनच दिसू द्यावं.
म्हणून मी एक कोरं पान कापलं, त्याच मापाचं,
आणि *मग तिने* आणि *सात दिवस* यांच्यामध्ये
अंतरपाटासारखं धरलं.
दोन्हीकडची अक्षरं
अलीकडे पलीकडे उभी, मुकाट.
मंगलाष्टकं म्हणायला कोणी नाही.

दुपारी तुझा फोन आला होता.
करार वाढवतेस की येतेस, तू विचारलंस,
आणि मी विषय खळीवर नेला,
ती किती पातळ असावी, यावर दहा मिनिटं बोलले.
तूही ऐकलंस. तू फार चांगला ऐकतोस,
हेही एक हत्यारच आहे तुझं.

आता पान चिकटवलं आहे.
वर सोख्ता, वर काच, वर शिशाची दोन वजनं.
खिडकीबाहेर बांग, मग मोटारींचे हॉर्न.
हवेत आज दमटपणा जास्त आहे,
सुकायला वेळ लागेल.
दारावर चिठ्ठी लावली:
सकाळपर्यंत कोणी उघडू नये.